‘किती वाजता पिलास?’ : निकाळजे सिस्टर

निकाळजे सिस्टर घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. पुरुषी, मोठ्या तबकडीचं, पांढऱ्यावर काळे काटे. नाडी धरली की तबकडी आपोआप डोळ्यांसमोर यावी म्हणून. तीसेक वर्षं नाड्या धरून ती सवय अशी मुरली होती, की नुसत्या गप्पा मारतानाही त्यांचा डावा हात उलटा होऊन पोटाशी यायचा. नव्या माणसाला वाटायचं, बाईला जायची घाई आहे. घाई त्यांना कधीच नसायची. त्यांना वेळ पाहिजे असायची, आणि ती नेमकी.

“सिस्टर, पोरगं लई तापलंय.”

“कधीपासून?”

“काल-परवापासून.”

“काल का परवा? नीट आठव. पहिल्यांदा अंगाला हात लावला तवा भाकरी थापत होतीस का शेण काढत होतीस?”

“शेण काढत होते... म्हणजे परवा. परवा सकाळी.”

“आता कसं!” म्हणत त्या रजिस्टरात लिहायच्या. त्यांचं म्हणणं होतं, दुखणं सांगताना माणूस खोटं बोलतो, लाजतो, वाढवतो, लपवतो. वेळ विचारली की त्याला खरं आठवावं लागतं.

उमापूर आणि चकलांब्याच्या मधल्या पट्ट्यात त्यांचं उपकेंद्र होतं. गावाचं नाव लिहीत नाही. कारण ज्यांच्याविषयी लिहितोय ती माणसं अजून तिथं राहतात आणि त्यांना आधीच पुष्कळ लोकांनी फोटोत घेतलेलं आहे. त्या लोकांत मीही होतो.

ओळख झाली ती मी त्यांच्याविरुद्ध काढलेल्या पत्रकामुळं. आमची एक युवक संघटना होती. अध्यक्ष भाषण करायचे, पोरं घोषणा द्यायची, मी पत्रकं लिहायचो. एकदा उपकेंद्राला कुलूप दिसलं. मी फोटो काढला, ‘आरोग्य खात्याची झोप कधी उडणार!!!’ असा मथळा ठोकला आणि दुपारपर्यंत खळ लावून गावभर चिकटवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा निरोप आला. गेलो तर टेबलावर माझं पत्रक आणि त्यावर लाल पेनाच्या खुणा.

“बस, संपादक,” त्या म्हणाल्या. “उद्गारचिन्हं चौदा हायत. टाईम एकबी न्हाई. कुलूप कधी बघितलंस?”

“सकाळी.”

“सकाळ सहालाबी असती, अकरालाबी असती.”

“दहाच्या सुमारास.”

त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. दहा वाजून पाच मिनिटं, पलीकडच्या वस्तीवर बाळंतपण, मुलगी. “ही तुझ्या कुलपाच्या टायमाला जन्मली. एक बाई किती ठिकाणी हजर राहणार? दोन माणसांची जागा हाय हितं, दुसरी कैक वर्षं भरली न्हाई. त्याच्यावर काढ की पत्रक. पण आधी विचारून काढ.”

मी चिडूनच बाहेर पडलो. पण ते पत्रक काढलं, विचारून काढलं, आणि मग जात राहिलो.

त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची बाटली. फिरतीवर निघाल्या की स्कूटीच्या हँडलला कापडी पिशवी, त्यात स्वतःचं पाणी. कुणाच्याही घरी पाणी प्यायच्या नाहीत. चहाही नाही. कुणी तांब्या पुढं केला की “माझं हाय” म्हणून पिशवीवर हात ठेवायच्या. गावात लोक म्हणायचे, बाईला स्वच्छतेचं लई वेड. मला ते पटायचं नाही. मी बौद्धवाड्यातला, त्याही आमच्यातल्याच. एकदा खोदून विचारलं तेव्हा त्या बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत होत्या. तशाच गुंडाळत सांगितलं.

नोकरी लागली त्या पहिल्या महिन्यात एका घरी बाळंतपण अडलं होतं. मूल पायाळू. चार तास झगडून दोघंही वाचली. हात धुऊन सिस्टरांनी पाणी मागितलं. घरच्या म्हातारीनं ओंजळ पुढं करायला लावली आणि हातभर उंचीवरून धार सोडली. “त्याच हातांनी तिचा नातू बाहेर काढलेला होता बाबा. मी पाणी पिले. तहानच तशी होती. पण त्या दिवसापासून बाटली.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “सिस्टर, ह्याच्यावर पत्रक—”

“माझ्या पाण्यावर पत्रक काढायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. असा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. “ते माझं हाय.”

पुढं कोरोना आला, तेव्हा सगळं गाव आपापली बाटली घेऊन फिरायला लागलं. कुणी कुणाच्या हातचं घेईना, कुणी कुणाच्या ओट्यावर बसेना. सिस्टर मास्कच्या आतून हसून म्हणाल्या, “बघ, तीस वर्षांनी का होईना, गाव माझ्यासारखं झालं.”

*

लॉकडाऊनच्या दुसऱ्या महिन्यात ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली. कारखान्यांवर अडकलेली, पायी, ट्रकात, कशीही. गावानं त्यांना आत घेतलं नाही. शिवारात खोप्या घालून चौदा दिवस तिथंच राहायला लावलं. साखर गोड लागते सगळ्यांना, पण ती तोडून देणारा माणूस दारात नको.

आमच्या संघटनेनं ठरवलं, या लोकांना सॅनिटायझर वाटायचं. अध्यक्षांनी कुठून तरी खोकी आणली. बाटल्यांवर कुठल्या तरी न ऐकलेल्या कंपनीचं लेबल होतं. अध्यक्ष म्हणाले, “कंपनीचं नाव कशाला दिसू द्यायचं? आपलं दिसलं पाहिजे.” म्हणून मी छोटं पत्रक लिहिलं, छापलं, आणि आम्ही सगळ्यांनी बसून प्रत्येक बाटलीवर लेबल झाकेल असं खळीनं चिकटवलं. वर संघटनेचं नाव, खाली ‘तुमच्या हाती सुरक्षेचं कवच!’ आणि मधोमध, सगळ्यांत ठळक अक्षरांत, ‘७० टक्के अल्कोहोल’.

तो आकडा मी ठळक केला होता. माल चांगला आहे हे लोकांना कळावं म्हणून. दारूची दुकानं तेव्हा महिनाभर बंद होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

वाटपाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नवनाथ नावाचा तोडकरी खोपीत मेलेला सापडला. चाळिशीचा, धडधाकट. गाव हादरलं. कोरोना, कोरोना! त्याच्या खोपीजवळ कुणी फिरकेना. बायको एकटी प्रेताजवळ बसलेली, आणि शंभर पावलांवर उभं राहून लोक ओरडून सूचना देत होते. सिस्टर सरळ आत गेल्या. तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. मी बांधावर होतो, मला तिथून ऐकू येत होतं.

“काल संध्याकाळी जेवला का?”

“न्हाई. पोट दुखतंय म्हणले. उलटी केली.”

“खोकला? ताप?”

“कायबी न्हाई. दिवस मावळताना मला म्हणले, एवढा कापूस कुठून उडायलाय? म्या म्हणलं, कसला कापूस, येडे झालाव का? म्हणले, डोळ्याम्होरं नुसती रुईच रुई हाय.”

सिस्टरांचा डावा हात उलटा होऊन पोटाशी आला, पण त्या घड्याळाकडं बघत नव्हत्या. मग एकदम उठल्या आणि पुढच्या खोपीकडं निघाल्या, जवळजवळ पळतच.

तिथं नवनाथचा जोडीदार दगडू भिंतीच्या ताट्या चाचपत उभा होता. “कोण हाय?” तो म्हणाला. “पांढरं का दिसायलंय सगळं? सरकी काढलेल्या कापसावाणी.”

“किती वाजता पिलास?”

“म्या न्हाई पीत.”

“दगडू, मी पोलीस न्हाई. तुला दारू कुणी दिली ते इचारत न्हाई. किती वाजता पिलास, तेवढंच सांग.”

तो रडायला लागला. काल सकाळी. नवनाथनं आणि त्यानं. बाटलीवर लिहिलं होतं की सत्तर टक्के. नवनाथ म्हणाला होता, दुकानातलीत एवढी नसती बे, ही तर फुकट हाय.

सिस्टरांनी खोपीच्या पाचटात हात घालून ती बाटली काढली. अँब्युलन्सला फोन लावला. दगडूच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी घातली. मग बांधाकडं बघून मला हाक मारली.

“संपादक, इकडं ये. तुझं पत्रक सापडलंय.”

त्यांनी मला एवढंच म्हटलं. पुढंही कधी याहून जास्त काही म्हटलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्यायच्या दारूतला अल्कोहोल वेगळा आणि रंग-वार्निशात घालतात तो वेगळा, हे त्यांनी मला चालता चालता सांगितलं. दुसरा स्वस्त. लबाड माणूस सॅनिटायझरात तोच घालतो. वासावरून कळत नाही. पोटात गेला की आधी काहीच होत नाही, माणूस हसतो, जेवतो, झोपतो. मग कित्येक तासांनी डोळे जातात, मग माणूस जातो. “म्हणून टाईम लागतो,” त्या म्हणाल्या. “लक्षण येण्याच्या आत सापडला तर वाचतो. यादी दे.”

“कसली यादी?”

“बाटल्या कुणाकुणाला दिल्या त्याची.”

यादी नव्हती. मी आजवर किती पत्रकांत लिहिलं असेल, ‘प्रशासनाकडं साधी यादीसुद्धा नाही!’ आमच्याकडं फोटो होते. ढीगभर. प्रत्येक फोटोत देणारे पाच-सहा, अध्यक्ष मध्ये, सगळ्यांचे हात एकाच बाटलीला लागलेले, आणि समोर घेणारा एक. त्याचंही तोंड मास्कनं झाकलेलं.

उपकेंद्राच्या ओसरीत बसून सिस्टरांनी माझा मोबाईल हातात घेतला. चष्म्याला दोरीच्या जागी गॉजची पट्टी बांधलेली होती, ती मानेवर सरकवली.

“तोंडं राहू दे. पाय दाखव,” त्या म्हणाल्या.

मी फोटो मोठा केला.

“ही चप्पल डावी-उजवी वेगळी, ही सुंदराबाई. हा हात... कोपरात वाकडा. लहानपणी बैलावरून पडलता, मीच फळी बांधली होती. शहादेव. पुढचा. हे लुगडं मी वळखते, पण बाई कोण? मागं बघ, खोपीला निळा कागद हाय. म्हणजे वढ्याकडंची. लिही.”

मी लिहीत होतो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत एक बाई माणसं त्यांच्या व्रणांवरून, टाचांवरून, बोटांवरून ओळखत होती. पाच माणसांनी मिळून एक बाटली देताना ज्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं, त्याला ती नावानिशी बाहेर काढत होती.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. त्यांना कुणीतरी कळवलं होतं. “ऐक, बाटल्या गुपचूप गोळा कर. आपली पत्रकं भिजवून काढून टाक. आपण चांगल्या मनानं वाटल्यात, आपला काय दोष? नाव यायला नको.” सिस्टर शेजारीच होत्या. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हणले?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “गोळा करायचं बरोबर बोलले. चल.”

*

स्कूटीवर मी मागं, मांडीवर पोतं. खोपी-खोपीनं फिरलो. “बाटली द्या, खराब निघाली” एवढंच सिस्टर सांगायच्या आणि झाकण उघडून पातळी बघायच्या. बहुतेकांनी हातालाच लावली होती. एका म्हातारीनं देव्हाऱ्यात ठेवली होती, कवच असं लिहिलेलं होतं म्हणून. एकजण बाटली लपवत होता, पण ती भरलेली निघाली. दुपार उतरायला लागली तशी यादीवर काट मारायला एकच उरला. त्या फोटोत चेहरा नव्हताच, अध्यक्षांच्या खांद्याआड गेलेला. दिसत होता फक्त एक अनवाणी पाय, अंगठा मधोमध फाटून सांधलेला.

“कोयता लागलता,” सिस्टर म्हणाल्या. “टाके तीन घालायचे होते, दोरा संपला म्हणून दोनच घातले. उत्तम.”

उत्तमची खोपी शिवाराच्या टोकाला, त्याच्या स्वतःच्याच तुकड्यात. मागं त्याचं जुनं घर, पण गावानं घरातही जाऊ दिलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. उत्तम बाजेवर बसून शीळ घालत होता. त्याची बायको मीरा चुलीपुढं. बाटली बाजेखाली आडवी पडलेली होती, अर्धी रिकामी.

“किती वाजता पिलास?”

“आता कसं सांगावं सिस्टर...”

“उत्तम.”

“जेवल्यावर. तीन वाजले असतील. रेडिओवर शेतीचं लागलतं.”

“चल. अँब्युलन्स फाट्यावर बोलावलीय.”

तो हसला. मोकळं, दात दाखवून. “मला काय झालंय? हे बघा.” आणि खरोखर एका पायावर उभा राहिला, हात पसरून. मीराही हसली. “असंच करतेत,” ती म्हणाली. मला ते हसणं अजून ऐकू येतं. कारण तिथं त्या घडीला त्याला खरंच काही झालेलं नव्हतं, आणि त्याच्या पोटात काय आहे हे मला माहीत होतं.

“नवनाथबी काल असाच हसत असंल,” सिस्टर म्हणाल्या.

“नवनाथ कोरोनानं गेला. सगळं गाव म्हणतंय. मला दवाखान्यात नेऊन टाकताव आन् तिथून प्लास्टिकात गुंडाळून देताव. मी येत न्हाई.”

सिस्टर बोलत राहिल्या. दगडूचं सांगितलं, कापसाचं सांगितलं. उत्तम मान हलवत राहिला. घड्याळात पाच दहा झाले. मी मध्ये पडून ओरडलो, “अरे मरशील ना बे!” तर तो माझ्यावरच उसळला. “तूच दिलीस ना बाटली? फोटो काढून? आता तूच म्हण मरशील!” मग तो सिस्टरांकडं वळला, आणि आवाज खाली आला.

“सिस्टर, माय म्हणायची, मी तुमच्याच हातात जन्मलो. पण तुमी आमच्या घरचं घोटभर पाणी कधी तोंडाला लावलं न्हाई. आमी तुमाला घाण दिसताव का काय, आमाला ठावं न्हाई. आन् आज म्हणताव, माझ्यावर इस्वास ठेव. कावून ठेवू?”

चुलीत लाकूड तडकलं.

सिस्टरांनी कानामागून मास्कची दोरी काढली. संपूर्ण लॉकडाऊनमध्ये मी त्यांचं तोंड पहिल्यांदा बघत होतो. “मीरा,” त्या म्हणाल्या, “पाणी दे.”

मीरा गोंधळली. नवऱ्याकडं बघितलं, तांब्या विसळला, माठातनं भरून आणला. सिस्टरांनी तो दोन्ही हातांत धरला. वरून ओतून नाही प्यायल्या. तांब्याला तोंड लावून, घोट घेत, सगळा संपवला. मग उलटा करून दाखवला.

“पाच चौदा,” त्या म्हणाल्या. “आता चल.”

उत्तमनं पायात चप्पल घातली.

अँब्युलन्स गेल्यावर परत येताना सिस्टर समोर बघूनच म्हणाल्या, “ती म्हातारी, वरून पाणी सोडणारी, ती ह्याची आजी. ते पायाळू पोरगं हेच.”

*

उत्तमबरोबरची चिठ्ठी मी स्वतः वाचली होती. ‘दुपारी तीन वाजता, अर्धी बाटली. आता पाच वीस. लक्षण नाही. लक्षण येईपर्यंत थांबू नये.’ शेवटच्या वाक्याखाली दोनदा रेघ.

ते थांबले. तालुक्याच्या दवाखान्यात सगळी धावपळ कोरोनाची. एका उपकेंद्राच्या नर्सनं लिहिलंय म्हणून धडधाकट माणसाला मोठ्या दवाखान्यात कोण पाठवतो? त्याला बाकावर बसवून ठेवलं. सकाळी त्यानं शेजारच्याला विचारलं, “एवढा कापूस कुणी आणलाय?” तेव्हा पळापळ झाली. जीव वाचला. डोळे अर्धे गेले. दगडूचे दोन्ही गेले, आणि चार दिवसांनी दगडूही.

तिथल्या तरुण डॉक्टरचा पुढं सिस्टरांना फोन आला. मी समोर होतो. फोन स्पीकरवर होता, कारण त्यांचे हात रिकामे नव्हते. तो म्हणाला, “सिस्टर, तुमची चिठ्ठी मी वाचली होती.”

“किती वाजता वाचली, डॉक्टरसाहेब?”

फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. मग, “साडेसहाला. संध्याकाळी.”

“लिहून ठेवा. पुढच्या पेशंटाला कामाला येईल.” मग थोड्या मऊ आवाजात, “मी नवी होते तवा एकजण आलता. म्हणला, डोळ्याम्होरं कापूस दिसतोय. हातभट्टी पिलता. मी इचारलंच न्हाई कधी पिला. डोळ्यात थेंब टाकले न् घरी पाठवला. तुमी एकटे न्हाई.”

दुसऱ्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून एक साहेब आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ‘मद्यप्राशनाने मृत्यू’ लिहा, विषय मिटतो. म्हणजे मेला तो बेवडा, सुटला तो बाटली भरणारा. ही आपल्याकडची रीतच आहे, गरिबाचा मृत्यू त्याच्याच सवयीच्या नावावर मांडायचा! सिस्टरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि कागद पुढं ठेवला. त्यात कोण, कुठं, किती वाजता प्याला, किती वाजता पोट दुखलं, किती वाजता दिसेनासं झालं, ओळीनं होतं. साहेब म्हणाले, “कुठल्या कंपनीची बाटली, कुठली बॅच, ते कुठंय? त्याशिवाय विषबाधा कशी म्हणणार?”

बॅच नंबर लेबलवर होता आणि लेबलवर माझं पत्रक. सिस्टरांनी चहाच्या पातेल्याच्या वाफेवर एकेक बाटली धरून पत्रक सोडवलं होतं. पण खळीनं शिक्क्याची शाई ओढून घेतली होती. लेबलवर निम्मेच आकडे, बाकीचे माझ्या पत्रकाच्या पाठीला, उलटे. त्यांनी पर्समधला आरसा काढून साहेबांपुढं धरला. “वाचा.” साहेबांनी वाचले.

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ही पत्रकं ह्या बाटल्यांवर होती ह्याला साक्षीदार पाहिजे. सही कर.”

मी घुटमळलो. सही केली की संघटना गेली, अध्यक्ष गेले, चौकशीत माझंही नाव. त्या वाट बघत राहिल्या.

“इतकी पत्रकं काढलीस,” त्या म्हणाल्या, “खाली सदा संघटनेचं नाव. तुझं एकदाबी न्हाई. एकदा लिहून बघ, हात मोडत न्हाई.”

मी सही केली. किती वाजता, तेही शेजारी लिहायला लावलं. तपासणीचा अहवाल तीन महिन्यांनी आला. सिस्टरांनी पहिल्याच दुपारी सांगितलं होतं तेच त्यात होतं. बाटल्या भरणारे कुठं आहेत, मला माहीत नाही. मी अजून अर्ज करतोय, आणि अर्जाखाली माझं नाव असतं.

*

उत्तम परत आल्यावर सिस्टर आठवड्यातून एकदा त्याच्याकडं जायच्या. डोळ्यांची तपासणी म्हणजे काय, तर मनगट पुढं करायचं. “किती वाजले?”

पहिल्यांदा तो म्हणाला, “कायतरी चकाकतंय.” मग काही आठवड्यांनी एकदम बरोबर सांगायला लागला. मी खूश झालो. सिस्टर नाही. “लबाड हाय. उन्हावरून सांगतोय,” त्या म्हणाल्या, आणि त्याला छपराखाली बसवून विचारायला लागल्या. तिथं त्याचं चुकायचं. मग तो चिडायचा, “सिस्टर, मला कोयता हाणायचाय, घड्याळ दुरुस्त न्हाई करायचं!”

पण कोयत्याचाच प्रश्न होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचा, एकानं मोळ्या बांधायच्या. अर्ध्या डोळ्याच्या माणसाला टोळी नेत नाही, फडात त्याचाच पाय तुटायचा. दिवाळीच्या आधी ट्रॅक्टर निघाले तेव्हा मीरा तिच्या भावाबरोबर कोयता धरून गेली. उत्तम मागं राहिला. जन्मल्यापासून पहिल्यांदाच तो हंगामात गावात होता.

त्याच महिन्याच्या अखेरीला सिस्टर निवृत्त झाल्या. निरोप-समारंभ झाला नाही, तेव्हा चार माणसं जमवायला बंदीच होती. नव्या सिस्टरला किल्ल्या, रजिस्टरं दिली, स्कूटी टेम्पोत घातली आणि त्या फाट्यावर बसची वाट बघत उभ्या राहिल्या. मी पिशव्या धरून. आभाळ भरलेलं होतं, सावली कुठंच पडत नव्हती.

वस्तीच्या वाटेनं उत्तम येताना दिसला. हातात तांब्या, त्यावर फुलपात्र पालथं. चालताना पाय आधी पुढं टाकून चाचपायचा, मग वजन द्यायचा, त्यामुळं पाणी हिंदकळून त्याची बाही भिजली होती.

“मीरा न्हाई, म्हणून मीच आणलं,” तो म्हणाला.

सिस्टरांनी पाणी प्यायलं. खांद्याला त्यांची बाटली होती, भरलेली. फुलपात्र परत तांब्यावर पालथं घातलं. मग मनगट पुढं केलं.

“किती वाजले?”

उत्तमनं मान वर केली. आभाळाकडं बघितलं, उगाच. ऊन नव्हतं. मग वाकला, जवळजवळ नाक तबकडीला लागेपर्यंत, आणि किती तरी वेळ तसाच राहिला. मी सिस्टरांच्या बाजूला होतो, मला काटे स्वच्छ दिसत होते.

“पाच,” तो म्हणाला. “पाच वाजलेत. बरोबर?”

“बरोबर,” सिस्टर म्हणाल्या.

तो हसला. तसंच, दात दाखवून. “बघा! म्हणलं न्हवतं?” आणि तांब्या घेऊन, पाय चाचपत, पण ताठ मानेनं वस्तीकडं गेला.

बस वळणावर दिसली. सिस्टरांनी पिशवीतून छोटी वही काढली, गुडघा वर करून त्यावर ठेवली आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं.

‘उत्तम. पाच म्हणाला. चार पंचवीस होते.’

वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. “नव्या बाईला नेऊन दे. दर आठवड्याला इचारायचं म्हणावं. छपराखाली.” आणि सरकलेलं घड्याळ मनगटाच्या आत फिरवून बसमध्ये चढल्या.